ग्राहकाला काय विचारावे, हे सॉफ्टवेअरला कोणी शिकवायचे?

सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी आणि पाठपुरावा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधील ‘गाइडेड सेलिंग’ म्हणजे विक्री करणाऱ्यापुढे एकामागून एक प्रश्न ठेवून त्याला योग्य मालापर्यंत किंवा योग्य पुढच्या कृतीपर्यंत नेणारी सोय. तिच्याविषयी नागपूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आमचा डक्टिंग कूलरचा (मोठ्या नळ्यांतून गार हवा पोहोचवणाऱ्या कूलरचा) कारखाना आहे. मंगल कार्यालये, शाळा, शोरूम आणि कारखान्यांचे शेड हे आमचे ग्राहक. दिवाळीनंतर आम्ही सीआरएममध्ये गाइडेड सेलिंग सुरू केले. सेल्समनने मोबाइलवर चौदा प्रश्नांची उत्तरे भरायची आणि सॉफ्टवेअरने मॉडेल सुचवायचे, अशी रचना आहे. सगळे प्रश्न सक्तीचे आहेत. पण बहुतेक नोंदींत ड्रॉपडाउनमधला पहिला पर्याय किंवा ‘इतर’ एवढेच निवडलेले दिसते, आणि मॉडेल मात्र सेल्समन आमच्या जुन्या फोरमनला फोन करूनच ठरवतात. चूक सॉफ्टवेअरची की माणसांची? प्रश्नांची यादी सोबत जोडली आहे. — एक उद्योजक, हिंगणा

उत्तर : सेल्समन फोरमनना फोन करतात आणि फोरमन मॉडेल सांगतात, याचा अर्थ आपल्याकडे गाइडेड सेलिंग कितीतरी वर्षांपासून चालू आहे, ते फक्त फोरमनच्या डोक्यात आहे. म्हणून पहिले काम संगणकापुढे बसून करायचे नाही. दोन-तीन दिवस फोरमनच्या शेजारी वही घेऊन बसावे आणि फोन आल्यावर ते काय विचारतात, कोणत्या क्रमाने विचारतात आणि कोणत्या उत्तरानंतर पुढचा प्रश्न सोडून देतात, हे जसेच्या तसे उतरवून घ्यावे. ती वही म्हणजेच आपली खरी रचना. सॉफ्टवेअरमध्ये नंतर फक्त ती भरायची असते.

आपण पाठवलेल्या यादीत पहिला प्रश्न ‘कोणते मॉडेल हवे?’ असा आहे, तिसरा रंगाचा आणि पाचवा ‘आमच्याविषयी कोठून कळले?’ असा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ग्राहकाला माहीत असते तर या साधनाची गरजच नव्हती. बाकीचे दोन प्रश्न आपल्या कार्यालयाच्या सोयीचे आहेत, ग्राहकाच्या कामाचे नाहीत. प्रश्न ठेवायचा की काढायचा हे ठरवताना मी एवढेच पाहतो : उत्तर बदलले, तर सुचवलेला माल, किंमत किंवा पुढची कृती यांपैकी काही बदलते का? बदलत नसेल, तर तो प्रश्न या साखळीतून काढावा. या कसोटीवर आपल्या चौदांपैकी पाच किंवा सहाच प्रश्न उरतील, असे यादी वाचून वाटते.

नोंदीत आधीच असलेली माहिती पुन्हा विचारणेही असेच टाळावे. ग्राहकाचा जीएसटी क्रमांक भरलेला असेल, तर त्याचे पहिले दोन अंकच नोंदणीचे राज्य सांगतात. २७ म्हणजे महाराष्ट्र, २३ म्हणजे मध्य प्रदेश. ते राज्य सेल्समनने पुन्हा ड्रॉपडाउनमधून निवडावे, अशी अपेक्षा ठेवू नये.

आता आपल्याच मालाचे उदाहरण घेऊ. एखादे मंगल कार्यालयवाले सांगतात, ‘लगनात पब्लिक घामाघूम होऊन राहिली, काही तरी करा ना.’ ही मागणी खरी आहे, पण तिच्यात एकही आकडा नाही. सभागृह ६० फूट लांब, ४० फूट रुंद आणि १५ फूट उंच असेल, तर आत ३६,००० घनफूट हवा आहे. ती तासाला ३० वेळा, म्हणजे दर दोन मिनिटांनी बदलायची असेल, तर ३६,००० गुणिले ३० भागिले ६०, म्हणजे १८,००० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) क्षमता लागेल. तेवढ्याच मापाचा पण पत्र्याच्या छपराचा आणि आत तापणारी यंत्रे असलेला शेड बुटीबोरीत असेल आणि फोरमन तिथे तासाला ४० वेळा धरत असतील, तर आकडा २४,००० होतो. शोरूमसाठी २० वेळा पुरे असेल, तर तो १२,००० वर येतो. किती वेळा धरायचे हे आपल्या फोरमनच्या अनुभवावर ठरवावे. मुद्दा असा की, माप एकच असूनही ‘जागा कसली आहे’ या एका प्रश्नामुळे क्षमता दुप्पट होऊ शकते. असा प्रश्न पहिला असला पाहिजे. त्यानंतर लांबी, रुंदी आणि उंची. सीएफएम मात्र सेल्समनला कधीच विचारू नये. तो सॉफ्टवेअरने सूत्राच्या फील्डमध्ये (नोंदीतल्या रकान्यात) स्वतः काढावा.

पुढचा प्रश्न हवा बाहेर जाण्याच्या वाटेचा. खिडक्या किंवा एक्झॉस्ट नसलेल्या खोलीत कितीही मोठा कूलर लावला, तरी आत दमटपणाच साठतो, आणि मग ग्राहक आपल्या मालाला नावे ठेवतो. त्यानंतर पाणी कोणते, नळाचे की बोअरचे जड पाणी, कारण जड पाण्याने कूलरमधल्या पाणी शोषणाऱ्या हनीकोंब पॅडवर क्षार बसतात आणि कोटेशनमध्ये देखभालीची ओळ घालावी लागते. त्यानंतर वीज सिंगल फेज की थ्री फेज. आणि शेवटी, ग्राहक कूलर कोणत्या महिन्यांत वापरणार आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, २०१३ च्या मे महिन्यात तो ४७.९ पर्यंत गेला होता, आणि त्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मात्र त्याचा गारवा फारसा जाणवत नाही. ज्याची मुख्य गरज पावसाळ्यातली आहे, त्याच्यासाठी सॉफ्टवेअरने ‘या कामासाठी आमचा माल सुचवू नये’ असेच उत्तर दिले पाहिजे. अशी वाट मुद्दाम ठेवावी, हे मी आग्रहाने सांगतो. प्रत्येक उत्तराला काही ना काही विकायलाच लावणारी रचना पहिल्या हंगामात ऑर्डरी आणते आणि दुसऱ्या हंगामात तक्रारी.

आता मांडणीकडे येऊ. सर्वांत जास्त हयगय होते ती मालाच्या यादीत. सॉफ्टवेअर ग्राहकाचे उत्तर मालाच्या नोंदीतील फील्डशी ताडून पाहते. तेच फील्ड रिकामे असेल, तर प्रश्न कितीही नेमका असला तरी फुकट जातो. सेल्सफोर्स सीपीक्यूमध्ये (सीपीक्यू म्हणजे माल जुळवून दर आणि कोटेशन काढून देणारे साधन) हे स्पष्ट दिसते : तिथे ‘क्वोट प्रोसेस’ नावाची एक नोंद करतात आणि तिच्याखाली प्रत्येक प्रश्नासाठी एक ‘प्रोसेस इनपुट’ ठेवतात, ज्याला मालाचे एक फील्ड आणि ‘समान’, ‘पेक्षा मोठे’ अशी तुलना जोडलेली असते. आपले सॉफ्टवेअर दुसरे असले, तरी तत्त्व हेच राहते. त्यामुळे प्रत्येक मॉडेलच्या नोंदीत क्षमता, फेज आणि पॅडचा प्रकार ही स्वतंत्र फील्ड करावीत. क्षमता आकड्याच्या फील्डमध्येच असावी. मजकुराच्या फील्डमध्ये एकाने ‘१८०००’, दुसऱ्याने ‘१८ हजार’ आणि तिसऱ्याने ‘१८००० सीएफएम’ लिहिले, की ‘पेक्षा मोठे’ ही तुलनाच कोलमडते.

फोरमनचा आणखी एक नियम वहीत नक्की सापडेल, तो म्हणजे एक मोठा कूलर द्यायचा की दोन मध्यम. सभागृहात २०,००० च्या एका कूलरऐवजी १०,००० चे दोन दिले, तर हवा सगळीकडे सारखी पोहोचते आणि ऐन लग्नात एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो. हा नियम केवळ मोठ्या-लहानाच्या तुलनेतून निघत नाही. तो वेगळा लिहावा लागतो आणि सूचनेसोबत त्याचे कारणही पडद्यावर दाखवावे लागते, म्हणजे सेल्समन तेच कारण ग्राहकाला सांगू शकतो.

सक्तीबद्दल. चौकशी नोंदवताना जागेचा प्रकार आणि तीन मापे एवढेच सक्तीचे ठेवावे. पाणी, वीज आणि हवेची वाट यांची उत्तरे कोटेशन निघण्यापूर्वी सक्तीची करावीत. ड्रॉपडाउनमध्ये आधीपासून काहीही निवडलेले नसावे. ‘इतर’ काढून तिथे ‘अजून पाहिलेले नाही’ असा पर्याय ठेवावा आणि तो निवडताच जागा पाहायला जाण्याचे काम सेल्समनच्या नावावर आपोआप तयार व्हावे. उन्हात शेडमध्ये उभा असलेला माणूस खोटे भरतो तेव्हा बहुधा त्याला खरे उत्तर भरायला जागाच ठेवलेली नसते. म्हणून माणसांना दोष देण्याआधी पर्याय तपासावेत.

शेवटी चाचणी. समजा जागेचे चार प्रकार, हवेच्या वाटेची दोन उत्तरे, पाण्याची तीन, विजेची दोन. गुणाकार ४८ होतो. या सगळ्या जुळण्या कागदावर मांडून प्रत्येकीपुढे फोरमननी मॉडेल लिहावे आणि मग सॉफ्टवेअरचे उत्तर त्याच्याशी ताडावे. जोडीला गेल्या उन्हाळ्यातल्या वीस-तीस ऑर्डरी नव्या रचनेतून पुन्हा चालवून पाहाव्यात. जिथे उत्तर वेगळे येते, तिथे नेहमी सॉफ्टवेअरच चुकलेले असते असे नाही; कधी कधी जुनी ऑर्डरच चुकलेली निघते. हे सारे जानेवारीअखेर संपवावे. नवतपा (मेअखेरचे अतिउष्ण नऊ दिवस) तोंडावर आल्यावर नियम बदलायला घेऊ नयेत.

प्रश्न : आम्ही घरांच्या छतावर सौर पॅनेल बसवतो. कार्यालय मनीषनगरला आहे. माल निवडण्यात आम्हाला अडचण नाही, बहुतेक घरांना तीन किलोवॉटच लागतात. आमच्या लीड (संभाव्य ग्राहकांच्या चौकशा) वाटेतच हरवतात. घर पाहून आल्यावर कोटेशन जात नाही, कोटेशन गेले तर फॉलो-अप होत नाही. गाइडेड सेलिंगने हे सुटेल का? अनुदानाची रक्कम सॉफ्टवेअरने आपोआप दाखवावी, असेही वाटते. — एक व्यवस्थापिका

उत्तर : सुटेल, पण वर ज्याची चर्चा झाली त्या प्रकाराने नाही. ‘काय विकावे’ हे सांगणारी सोय वेगळी आणि ‘आता काय करावे’ हे सांगणारी वेगळी. विक्रेते दोन्हींना एकच नाव देतात, त्यामुळे लोक चुकीच्या सोयीचे पैसे भरतात. आपल्याला दुसरी हवी आहे. झोहो सीआरएममध्ये तिला ‘ब्लूप्रिंट’ म्हणतात : लीडच्या अवस्था ठरवायच्या आणि एका अवस्थेतून दुसरीत जाण्यापूर्वी कोणाला परवानगी आहे, जाताना कोणती फील्ड भरलीच पाहिजेत आणि गेल्यावर कोणता मेल किंवा काम आपोआप सुरू व्हावे, हे लिहायचे. एखादी लीड एका अवस्थेत किती वेळ राहू शकते, याची मुदतही घालता येते. आपल्या दुखण्यावर हाच खरा उपाय आहे. घर पाहून दोन दिवस उलटले आणि कोटेशन गेले नाही, तर आपल्याला सूचना यावी. मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्समध्ये हेच काम ‘बिझनेस प्रोसेस फ्लो’ करतो. सेल्सफोर्सच्या ‘पाथ’मध्ये प्रत्येक टप्प्यावर जास्तीत जास्त पाच महत्त्वाची फील्ड दाखवता येतात, आणि ही मर्यादा मला उपकारक वाटते. मात्र पाथ नुसता दाखवतो, अडवत नाही. अडवायचे असेल तर वेगळा व्हॅलिडेशन नियम लिहावा लागतो.

टप्पे ठरवताना आपल्या कार्यालयाच्या कामाची नावे देऊ नका, ग्राहकाच्या बाजूने काय घडले त्याची द्या. ‘कोटेशन पाठवले’ यापेक्षा ‘ग्राहकाने कोटेशन पाहून दर मान्य केला’ ही अवस्था अधिक खरी. पुढचे टप्पे राष्ट्रीय पोर्टलवरील अर्ज, पॅनेलची उभारणी, महावितरणकडून नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारे) आणि ग्राहकाच्या खात्यात अनुदान असे ओघाने येतील. अनुदान जमा झाल्याची अवस्था अवश्य ठेवा. आपले पैसे त्याआधीच आलेले असतात, म्हणून बहुतेक जण ती गाळतात. पण शेजाऱ्याचे नाव सुचवणारा ग्राहक नेमका याच टप्प्यावर तयार होतो.

अनुदानाच्या रकमेबाबत एक सावधगिरी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि त्यापुढे कितीही मोठा संच असला तरी एकूण ७८,००० रुपये अशी रचना आहे. हे आकडे सूत्रात थेट लिहू नयेत. दरांचा एक स्वतंत्र तक्ता करावा, त्यात ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ असे दोन रकाने ठेवावेत आणि सूत्राने रक्कम तिथून उचलावी. सरकारी निर्णय बदलला की एक ओळ बदलायची, जुनी कोटेशने जशीच्या तशी राहतात. जोडीला तो तक्ता सांभाळणारी एक व्यक्ती नेमावी.

या सांभाळण्याच्या कामाचा इतिहास जुना आहे. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीसाठी कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉन मॅकडरमॉट यांनी १९७८ मध्ये एक नियमाधारित प्रणाली रचायला घेतली. आर-वन, पुढे एक्सकॉन, या नावांनी ती ओळखली गेली. व्हॅक्स संगणकाच्या ऑर्डरमध्ये कोणता भाग, कोणती केबल राहिली हे ती तपासत असे. आजच्या साऱ्या सीपीक्यू साधनांची ती पूर्वज म्हणता येईल. ती यशस्वी झाली, पण नवे मॉडेल आले की नवे नियम, असे करत नियमांची संख्या हजारांत गेली आणि ते अद्ययावत ठेवणे हेच एक मोठे काम होऊन बसले. आपल्याकडे पाच-पन्नास नियमच असतील, पण प्रत्येकाला मालक हवा, हे तिथूनच शिकण्यासारखे आहे.

प्रश्न : मी वीस वर्षे काटोल, नरखेड भागात शेतीचे पंप विकतो. आता कंपनीने टॅब दिला आहे आणि त्यात येईल ते प्रश्न विचारा म्हणतात. बोअर किती फूट, शेत किती एकर, की झाला पंप तयार. संत्र्याच्या बागाईतदाराशी असे बोलतात का? आमच्या अनुभवाला काही किंमत नाही का? — एक विक्री प्रतिनिधी

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, आणि ती आपल्या वरिष्ठांनीही वाचावी असे मला वाटते. बोअर किती फूट खोल आहे यापेक्षा भर उन्हाळ्यात पाणी किती फुटांवर जाते, हा प्रश्न पंप ठरवतो. ३०० फुटांच्या दोन बोअरांपैकी एकीत पाणी ९० फुटांवर असते आणि दुसरीत २२० वर. ‘भाऊ, मे महिन्यात पाणी कुठपर्यंत उतरते?’ हा प्रश्न आपण न शिकवता विचारता. आंबिया बहार (हिवाळ्याअखेरचा फुलोरा) घेणाऱ्याला फळे झाडावर असताना अख्खा उन्हाळा पाणी द्यावे लागते. मृग बहारवाला (पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा घेणारा) त्या काळात पाणी तोडून झाडांना ताण देतो. दोघांची एकरे सारखी असली, तरी पंपाची गरज वेगळी. टॅबमध्ये बहाराचा प्रश्न नसेल, तर तो टॅब अपुरा आहे. आपला अनुभव मात्र त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही.

माझी विनंती एवढीच की, टॅब बाजूला ठेवू नका. पाण्याची पातळी आणि बहार यांविषयीची ही दोन वाक्ये लिहून कार्यालयाला द्या आणि ती त्या रचनेत घालायला लावा. नियमाच्या वर्णनात तो कोणाच्या सांगण्यावरून लिहिला याची नोंद ठेवण्याची जागा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. तिथे आपले नाव असावे, असा आग्रह धरा.

मांडणी करणाऱ्यांसाठीही इथेच लिहितो. ‘सुचवलेला पंप’ आणि ‘प्रत्यक्ष दिलेला पंप’ ही दोन निराळी फील्ड ठेवा. दोन्ही वेगळी असतील, तेव्हा कारणाचे छोटे ड्रॉपडाउन आणि एक मोकळी ओळ उघडावी. वरिष्ठांची मंजुरी मात्र फक्त दरात सूट असेल तेव्हाच मागावी. महिन्याला एकदा ही कारणे एकत्र वाचावीत. एकाच भागातून ‘पाणी खोल जाते’ हे कारण वारंवार येत असेल, तर त्या भागासाठी नियम बदलावा. ही यादी सेल्समनला जाब विचारण्यासाठी एकदा जरी वापरली, तरी पुढच्या महिन्यापासून तिथे खरे कारण कोणी लिहिणार नाही.

प्रश्न : सीताबर्डीच्या आमच्या कार्यालयात काही जण मराठीत, काही हिंदीत काम करतात. प्रश्न कोणत्या भाषेत ठेवावेत? — एक समन्वयक

उत्तर : पडद्यावर दिसणारा प्रश्न ज्याच्या त्याच्या भाषेत ठेवावा, तशी भाषांतराची सोय अनेक सीआरएममध्ये असते. मात्र साठवले जाणारे उत्तर एकाच ठरलेल्या रूपात असावे. एका नोंदीत ‘मंगल कार्यालय’, दुसरीत ‘शादी हॉल’ आणि तिसरीत ‘लॉन’ असे साठले, तर नियम त्यांना तीन वेगळ्या जागा समजतो आणि अहवालही फुटतात. त्यामुळे मोकळा मजकूर टाळून पर्यायांची यादीच द्यावी आणि तिच्यामागचे सांकेतिक मूल्य नंतर कधीही बदलू नये. दिसणारे शब्द मात्र हवे तितक्या वेळा सुधारावेत. मापे फुटांतच विचारावीत, मीटरमध्ये नको, कारण आपल्याकडे घरातली खोली, प्लॉट आणि बोअर ही तिन्ही फुटांतच सांगितली जातात. प्रश्न ठरला, की तो आधी एखाद्या ग्राहकाला मोठ्याने वाचून दाखवा. त्याला ‘म्हणजे काय?’ असे विचारावे लागले, तर शब्द बदला आणि मगच सॉफ्टवेअरमध्ये भरा.